वाऱ्यासाठी सोडलेली जागा

सुरूचं बी तुम्ही कधी पाहिलंय का? झाड पाहिलेलं असतं. केळव्याला सहलीला गेलेल्या प्रत्येकाने त्याच्या सावलीत डबा खाल्लेला असतो, आणि त्याची बारकी खरखरीत बोंडं अनवाणी पायाला टोचली की शिव्याही दिलेल्या असतात. त्या बोंडांत बी असतं. इतकं हलकं, की वाफ्यावर पेरताना शिंकायची सोय नाही. मी शिंकले आहे. अर्धा वाफा शेजारच्या जास्वंदीत जाऊन पडला आणि आमचा माळी रघू, ज्याने त्याआधी कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं, तो संध्याकाळपर्यंत हसत राहिला.

पालघरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते. सत्तरचं दशक सरता सरता आले आणि नव्वदचं दशक सरता सरता निवृत्त झाले. मधल्या काळात मी काय शिकवलं ते माझे विद्यार्थी विसरले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण रस्त्यात भेटले की विचारतात, "बाई, ती रोपवाटिका आहे का हो अजून?" रोपवाटिका नाही. पण मला ती अजून दिसते. दुपारी जेवून जरा आडवी झाले की डोळ्यांसमोर ते वाफे येतात, त्यावरची हिरवी लव येते, विहिरीवरच्या रहाटाची करकर ऐकू येते, आणि मग मी झोपलेय की जागी आहे ते माझं मलाच कळत नाही.

हल्ली विद्यापीठांत 'शाश्वत विकास' असतो, त्याचा वेगळा कक्ष असतो, कक्षाला संचालक असतो. आमच्या वेळी विद्यापीठाचं नुसतं परिपत्रक यायचं. प्रत्येक कॉलेजाने झाडं लावावीत, जगवावीत आणि किती जगली ते कळवावं. प्राचार्यांनी ते वाचलं, स्टाफरूममध्ये नजर फिरवली, आणि झाडांशी कसलाही संबंध असलेली एकुलती एक बाई म्हणून माझ्या हातात दिलं. मी मूळची साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर. कॉलेजच्या मागे पडीक जागा होती, तिथे विहीर होती आणि रघू होता. एवढ्या भांडवलावर आमचं पर्यावरण सुरू झालं.

रोपं वाढवणं हे बाहेरून फार शांत काम वाटतं. तसं ते नाही. बी पेरलं की मुंग्यांना वास लागतो आणि त्या रांगा लावून ते पळवतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढायची. पाणी द्यायचं ते शिंपडून, पण रघूला शिंपडणं हा पुरुषाला न शोभणारा प्रकार वाटे. तो बादली उपडी करी आणि कोवळी रोपं चिखलात आडवी होत. शिवाय सुरूची एक खोड आहे. त्याला जुन्या सुरूखालची माती लागते. त्या मातीत काहीतरी सूक्ष्म जिवंत असतं, ते मुळांना गाठी आणतं, आणि त्या गाठींच्या जोरावर हे झाड निव्वळ वाळूत उभं राहतं. ती माती नसली की रोप पिवळं पडून नुसतं कुढत बसतं. म्हणून मी शिरगावच्या किनाऱ्यावरून गोणीत माती भरून एस.टी.ने आणत असे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "आल्या मातीवाल्या बाई," असं म्हणून तो गोणी टपावर न टाकता पुढे ड्रायव्हरजवळ ठेवून द्यायचा. एवढा मान मला वर्गातही कधी मिळाला नाही.

आमच्याकडे रोपं मागायला नाना तऱ्हेची माणसं येत. एकदा बोईसरच्या कुठल्याशा कारखान्याचे एक अधिकारी जीपमधून उतरले. हातभर उंचीच्या रोपांकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मैडम, इससे बड़ा नहीं है क्या? परसों इंस्पेक्शन है." मी म्हटलं, झाड परवापर्यंत मोठं होत नाही. ते म्हणाले, "कुछ तो होगा, कोई दवाई वगैरह?" शेवटी ते रिकाम्या हाताने गेले. नंतर ऐकलं की त्यांनी गुलमोहराच्या मोठ्या फांद्या तोडून कारखान्याच्या फाटकापासून आतपर्यंत जमिनीत खोचल्या होत्या, आणि इन्स्पेक्शन होईपर्यंत त्या हिरव्या राहिल्या. साहेब खूश होऊन गेले म्हणे. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण इतकं हसू आलं की राग राहूनच गेला.

पण मला सांगायचंय ते नवापूरचं.

नवापूर तारापूरच्या जवळचं मच्छीमारांचं गाव. समुद्र तिथे दर पावसाळ्यात थोडा थोडा आत येत होता. किनाऱ्याला अगदी लागून एक घर होतं, काशिनाथ तांडेल यांचं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, वल्ही आणि जाळी ज्याच्या शब्दावर चालतात तो. त्यांच्या घरासमोरची नारळाची झाडं समुद्राने एकेक करून नेली होती आणि आता उधाणाचं पाणी ओट्यापर्यंत येत होतं. उधाण म्हणजे पुनवेच्या आणि अवसेच्या सुमाराची मोठी भरती. आम्ही ठरवलं, की या घरांपुढे सुरूची दाट पट्टी लावायची. सुरू वाळू धरून ठेवतो, वारा अडवतो. विद्यापीठालाही असंच काहीतरी ठसठशीत हवं होतं.

आषाढात आम्ही मुलामुलींना घेऊन गेलो. किनारा मोकळा होता, लांबच लांब, ओला, राखाडी. होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या. समोर समुद्र नुसता धुमसत होता. मुलं कमरेपर्यंत भिजून खड्डे खणत होती, गाणी म्हणत होती. तांडेल स्वतः फावडं घेऊन आले. त्यांची बायको हिराबाय घरातून सगळ्यांना काळा गोड चहा पाठवत होती. दोन मुलांनी रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट पुरली, ती मी उकरून काढून पुन्हा लावायला लावली. बाकी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. परत येताना टेम्पोत सगळी ओली, गारठलेली, पेंगुळलेली, आणि मला वाटत होतं की याच्याहून चांगला दिवस आयुष्यात असू शकत नाही.

आमची चूक तिथेच झाली होती, आणि ती आमच्यातल्या कुणालाच दिसली नाही. तांडेलांना नाही, हिराबायलासुद्धा नाही.

पावसाळ्यात किनारा रिकामा असतो, कारण पावसाळ्यात मासे सुकत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पाऊस ओसरतो, आणि मग माळ्यावरचे बांबू खाली येतात. वाळूत खांब रोवायचे, त्यांना आडव्या दोऱ्या बांधायच्या. याला वलांडी म्हणतात. ओले बोंबील दोन-दोन घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. सगळा किनारा बोंबलांनी भरून जातो. तर ज्या मोकळ्या जागेत आम्ही सुरू लावले, ती मोकळी जागा नव्हतीच. ते हिराबायचं वाळवण होतं, फक्त त्या महिन्यात ते माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं. आणि रोपं गुडघ्याएवढी असताना त्यांचं ओझं कुणाला वाटणार? पहिली दोन वर्षं तिने आमच्या रोपांच्या मधूनमधून वलांडी घातली, उन्हाळ्यात त्यांना आपल्या विहिरीचं गोडं पाणीही घातलं.

सुरू फार लवकर वाढतो. तिसऱ्या वर्षी त्याची भिंत झाली.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी वर्गात होते. शिपाई धापा टाकत आला आणि म्हणाला, "बाई, प्राचार्यांनी लगेच बोलावलंय. लगेच म्हणजे लगेच." मी कॉरिडॉरमध्ये आले तेव्हाच वास आला. प्राचार्यांच्या खोलीत, त्यांच्या काचेच्या टेबलावर, बोंबलांनी भरलेली टोपली होती. समोर हिराबाय उभी होती. नऊवारीचा घट्ट कासोटा घातलेली, कपाळावर घाम, नवापूरहून बोईसर आणि तिथून पालघर असा टोपलीसकट प्रवास करून आलेली. आमचे प्राचार्य पक्के शाकाहारी, संस्कृतचे. ते खिडकीच्या इतके जवळ सरकले होते की अजून जरा सरकते तर बाहेर पडले असते.

"हात लावून बगा, बाई," हिराबाय मला म्हणाली. "मऊ हाय का नाय? आतून किडा पडलाय. समदं फुकट गेलं. तुमच्या झाडांनी माजा वारा खाल्ला."

मी म्हटलं, "हिराबाय, ऊन तर आहे ना तिथे?"

"उन्हात बोंबील शिजतो, बाई. सुकवतो तो वारा. वाराच नाय तर ऊन घेऊन काय करू?"

प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावूनच विचारलं, "यांना काय हवंय?"

"झाडं कापा," हिराबाय म्हणाली.

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला चांगला कळला. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाची समिती आमची झाडं पाहायला येणार होती. विद्यापीठाची एक फिरती ढाल होती, सर्वांत चांगलं वृक्षारोपण करणाऱ्या कॉलेजाला ती मिळे, आणि त्या वर्षी ती आमच्याकडे येणार असं जवळजवळ ठरल्यासारखं होतं. शिवाय, खरं सांगायचं तर ढाल गेली खड्ड्यात, ती झाडं माझी होती. बी माझ्या हातचं, माती मी गोणीतून आणलेली. मी हिराबायला म्हटलं, "मी उद्या येते. तोवर कोयता लावू नका." ती टोपली घेऊन गेली. वास मात्र त्या खोलीत रेंगाळत राहिला, आणि प्राचार्यांनी पुढचे कित्येक दिवस सगळ्या मीटिंगा ग्रंथालयात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवापूरला गेले तर घरात नवराबायकोचं भांडण जुंपलेलं. तांडेल ओट्यावर जाळं विणत बसले होते. मला पाहून म्हणाले, "बाई, हिचं ऐकू नका. दोन पावसाळं झालं, पानी ओट्याला लागलं नाय. झाडं हायत म्हणून घर हाय."

आतून आवाज आला, "घर हाय पन घरात खायला काय हाय? होडी तुमची, पन बोंबील विकतो कोन? मी विकते. बाजारात किडा लागलेला माल घेऊन तुमी बसा एकदा."

"घर गेलं तर बसशील कुठं?"

"भूक लागली तर घर चावू काय?"

मी दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसले. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि ज्या भांडणात दोघांचंही बरोबर असतं ते मिटत नाही. मला त्या दिवशी रडू येत होतं ते कुणासाठी, झाडांसाठी की त्यांच्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. हिराबाय बाहेर आली, माझ्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी बसली. समोर सुरू झुलत होते. त्यांच्यातून वारा शिरला की समुद्राचाच आवाज येतो, सूं, सूं, आणि समुद्र दिसत मात्र नाही.

मग मी विचारलं, "पावसाळ्यात लाटांचा मारा कुठून येतो?"

"खालून," तांडेल दक्षिणेकडे, नैर्ऋत्येकडे हात करून म्हणाले.

"आणि बोंबलाच्या दिवसांत वारा?"

हिराबायने मान उत्तरेकडे, समुद्राच्या बाजूला वळवली. "तिकडून. दुपारनंतर."

दोन्ही एका दिशेने येत नव्हते. एवढं साधं होतं ते, पण आम्ही तिघांनीही ते तेव्हाच पहिल्यांदा एका जागी बसून बोलून पाहिलं. हिराबायने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. आम्ही त्या काठ्यांना बांधून वाळूत जागोजागी रोवल्या आणि तीन दुपारी त्या कशा फडफडतात ते पाहत बसलो. मी कॉलेजात रजा टाकली होती. त्या दुपारी मला स्वप्नातल्यासारख्या आठवतात. रंग उडालेल्या चिंध्या, त्यांच्यामागे चमकणारं पाणी, आणि दोन मोठ्या बायका वाळूत पाय पसरून वारा पाहतायत.

शेवटी ठरलं, की झाडांमधून एक वाट काढायची. सरळ नाही, तिरकी. वायव्येकडचा वारा तिच्यातून थेट वाळवणावर येईल आणि खालून येणाऱ्या माऱ्यापुढे झाडांची रांग आडवी राहील. त्या वाटेत जी झाडं येतील ती जातील. तांडेल कुरकुरले, "समुद्राला वाट दावताय तुमी." पण कोयता त्यांनीच आणून दिला. पहिलं झाड मी तोडलं. रघू बरोबर आला होता, तो तोंड फिरवून उभा राहिला. ज्या माणसाने बादल्या उपड्या करून माझी अर्धी रोपं मारली, त्याच्या डोळ्यांत पाणी पाहून मला फार बरं वाटलं.

समिती आली. दोघे गृहस्थ होते, सूटबूट, बुटांत वाळू. त्यांनी सगळीकडे पाहिलं, मान डोलावली, आणि मग त्या मोकळ्या पट्ट्यापाशी थबकले. "इथली झाडं मेली का?"

"नाही. कापली."

"कुणी?"

"मी. वाऱ्यासाठी जागा सोडलीय."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्यांना बोंबलाचं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण अर्जात कापलेल्या झाडांसाठी रकाना नव्हता, आणि वाऱ्यासाठी तर मुळीच नव्हता. ढाल दुसऱ्या एका कॉलेजात गेली. ते कॉलेज मी नंतर पाहिलं. छान होतं, फाटकापासून अशोकाची झाडं ओळीने लावलेली. आमचे प्राचार्य मला म्हणाले, "बाई, तुम्ही 'मेली' म्हणाला असता तरी चाललं असतं." मी म्हटलं, नसतं चाललं.

पुढची काही वर्षं मला माझ्या सगळ्या नोकरीतली सर्वांत सुखाची वाटतात. बोंबलाच्या दिवसांत मी सुट्टी काढून नवापूरला जायची. सुरूच्या सावलीतून त्या वाटेने पुढे यायचं, की एकदम वारा अंगावर येई, पदर उडे, आणि समोर वलांडी. सुकत आलेला बोंबील जवळजवळ पारदर्शक होतो. त्याच्यातून ऊन जातं. दोरीदोरीवर ते गुलाबी-पांढरे झुलत असायचे आणि त्यांच्यामधून समुद्राचे तुकडे दिसायचे. मी साताऱ्याची शाकाहारी बाई हिराबायच्या हातचं बोंबलाचं कालवण खायला केव्हा शिकले ते मला कळलंसुद्धा नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत समजत राहिल्या की मी नवापूरला फक्त झाडांना पाणी घालायला जाते.

त्याच काळात विद्यापीठातून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. मोठे अभ्यासू गृहस्थ. पृथ्वी तापत चालली आहे, बर्फ वितळतंय, समुद्र वर येणार आहे, असं त्यांनी स्लाइड दाखवून सांगितलं. तेव्हा हे सगळं नवीन होतं, आमची मुलं जांभया देत होती. मी त्यांना नवापूरला घेऊन गेले. शाळेच्या पडवीत पांढऱ्या धोतरावर स्लाइड पडल्या. गाव जमलं होतं. तांडेल पहिल्या रांगेत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "साहेब, वर येनार ते समजलं. मग परत खाली कवा जानार?"

कुणी हसलं नाही. भरती आली की ओहोटी येते, हे ज्याला जन्मापासून ठाऊक आहे त्याचा तो प्रश्न होता. प्राध्यापक म्हणाले, "आपल्या हयातीत नाही." तांडेलांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. परत जाताना गाडीत ते प्राध्यापक मला म्हणाले, की आजवर कुठल्याच परिषदेत त्यांना हे असं कुणी विचारलं नव्हतं.

मग हळूहळू सगळं बदललं. कधी, ते सांगता येत नाही, झोप लागते तसं. मासळी कमी झाली. मोठे ट्रॉलर बाहेरच सगळं ओढून नेतात असं कुणी म्हणे, खाडीचं पाणी पूर्वीचं राहिलं नाही असं कुणी म्हणे. तांडेलांना दिसायला कमी झालं. त्यांची दोन्ही मुलं कुंभवलीला कंपनीत लागली, सायकलवरून पाळीला जाऊ लागली. होडी विकली. आणि इकडे कॉलेजात आमच्या रोपवाटिकेच्या जागेवर दुचाकी उभ्या करायची शेड आली. मी भांडले, अर्ज केले, नव्या प्राचार्यांसमोर टेबलावर हात आपटला. ते फार सभ्य होते, म्हणाले, "बाई, झाडं काय कुठेही लावता येतील." विहीर बुजवली. रघू निवृत्त होऊन गावी गेला होता, ते एक बरं झालं. त्या दिवशी मी घरी येऊन एकटीच रडले, ते लपवायचं काही कारण नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, अवसेच्या उधाणाला वादळी वारा मिळाला. नवापूरच्या एका विद्यार्थिनीने वर्गात सांगितलं, "बाई, पाणी आत आलं. तुमच्या त्या वाटेनं आलं."

मी तशीच निघाले. बसमध्ये मला काही सुचत नव्हतं. 'समुद्राला वाट दावताय तुमी' हे तांडेलांचं वाक्य कानात होतं, आणि माझ्याकडे द्यायला एक रोपही नव्हतं. ती वाट बुजवायला हवी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते घर राहणार नाही, हे मला दिसत होतं. रोपं आणायची कुठून? सरकारी रोपवाटिकेत तेव्हा सुरू मिळत नव्हते.

घर उभं होतं. ओट्याचा एक कोपरा गेला होता, भिंतीवर गुडघाभर उंचीवर चिखलाची रेघ होती. तांडेल आत खाटेवर झोपले होते. हिराबाय घराच्या मागे होती. मी मागे गेले, आणि काय बोलायचं ते घोकत होते ते तिथेच राहिलं.

मागच्या अंगणात डालडाचे रिकामे डबे होते, नारळाच्या करवंट्या होत्या, फुटके माठ होते, आणि प्रत्येकात सुरूचं रोप होतं. काही सरळ, काही वाकडी, काही पिवळट.

"कधी केलंत हे?" मी विचारलं.

"गेल्या साली. बोंडं झाडाखालीच पडतात ना. मुंग्या नेतात हो बाई, लई नेतात. मग राख टाकली." ती माझ्याकडे न पाहता एका डब्यातलं गवत उपटत होती. "पिवळी का पडतात?"

"माती कुठली घातलीत?"

"परसातली."

"झाडाखालची घाला."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "चला. वाटेत लावायची हायत. पाऊस हाय तवर."

मी म्हटलं, "हिराबाय, ती वाट तुमच्या बोंबलाची आहे."

"बोंबील कोन आनतो आता? होडी नाय. पोरं कंपनीत. मी शेजारनीच्या वाट्यातलं चार टोपल्या घेऊन सुकवते, तेवडंच." पुढे ती जे म्हणाली ते तिने अगदी सहज म्हटलं. "वाऱ्यासाठी भांडले, ती मीच. आता वाट बुजवते ती पन मीच. घर तरी राहू दे. यांना दिसत नाय, दुसऱ्या घरात गेलं तर खांब सापडायचे नायत."

आम्ही दोघींनी ती रोपं लावली. पाऊस बारीक पडत होता. ती खड्डा खणायची, मी मातीच्या गोळ्यासकट रोप ठेवायची, ती पायाने वाळू दाबायची. ज्या जागेवरून मी माझ्या हाताने झाडं कापली होती, तिथेच. विद्यापीठाला हवी होती तशी अखंड पट्टी होणार होती शेवटी, एकही फट नसलेली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला फार वाईट वाटत होतं.

शेवटचं रोप लावून ती उठली, कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहत उभी राहिली. वारा नव्हता फारसा. तिचा पदर थोडासा हलत होता.

"किती सालं लागतील यांना मोठं व्हायला?"

"वारा अडवण्याएवढं? दोन. फार तर तीन."

"म्हंजे औंदा येल वारा. फुडल्या साली बी येल."

"येईल."

"मग कार्तिकात वलांडी घालते. यांच्यामदनंच. बोटभर तर हायत." ती हसली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

मी तिथेच राहिले. मी आयुष्यभर झाडं लावली, आणि प्रत्येक झाड लावताना मनात एकच असायचं, लवकर वाढ, मेलं नाही पाहिजेस. त्या दिवशी मी वाळूत उकिडवी बसले, त्या शेवटच्या वाकड्या रोपावर ओणवी झाले, आणि आत तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याला म्हटलं, "सावकाश वाढ रे बाबा. जरा सावकाश वाढ."